वर्गाची वेबसाइट कोणी उघडतच नाही, काय करू?

पत्र:

"नमस्कार ताई, मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. सुट्टीत पंधरा दिवस खपून गूगल साइट्सवर वर्गाची वेबसाइट बनवली. अकरा पानं आहेत, स्वागत, माझा परिचय, अभ्यासक्रम, वेळापत्रक, नोट्स, गृहपाठ, व्हिडिओ, फोटो, सुविचार, उपयुक्त लिंक्स, संपर्क. पहिल्या आठवड्यात मुलांनी हौसेने उघडली, मग कोणी फिरकलंच नाही. अजूनही रात्री दहाला ग्रुपवर मेसेज येतो, 'मॅडम उद्या काय आणायचंय?' मुख्याध्यापक म्हणतात कार्यक्रमांचे फोटो टाका, काही पालक म्हणतात मार्कांची यादी टाका. मला आठवड्यातून अर्धा तास काढणं सुद्धा जड जातं. ही साइट डिलीट करून नव्याने सुरू करू, की हा नादच सोडू? – एक विज्ञान शिक्षिका"

उत्तर:

नमस्कार मॅडम,

नाद सोडू नका. डिलीट पण करू नका, त्या अकरा पानांचं काय करायचं ते शेवटी सांगते.

आधी एक विचारते. ही पानं बनवत होतात तेव्हा तुमच्या डोळ्यासमोर कोण होतं? कारण स्वागत, परिचय, सुविचार ही पानं कोणीतरी पाहुणा येणार आहे असं धरून बनवलेली असतात, आणि तुमच्या वर्गातली मुलं पाहुणी नाहीत, ती तुम्हाला रोज बघतात, त्यांना तुमचा परिचय नकोय. त्यांना उद्या काय आणायचंय ते हवंय. मी पण पहिली साइट अशीच केली होती, शाळेच्या दर्शनी भागातला फलक सजवतात तशी, आणि ती पण अशीच पडून राहिली होती.

ती साइट कशी बदलली ते सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आलं. वर्गातली एक मुलगी आजारी पडली आणि जवळजवळ तीन आठवडे शाळेत आली नाही. परत आली तेव्हा मी तिला म्हटलं, "काय काय झालं ते मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घे." तिने मान हलवली, आणि मधल्या सुट्टीत मी बघितलं तर ती तिघींच्या वह्या घेऊन बसली होती, एकीच्या वहीत आकृती होती पण नावं नव्हती, दुसरीच्या वहीत एक पूर्ण दिवसच नव्हता, तिसरीचं अक्षर तिला लागत नव्हतं. माझी वेबसाइट तेव्हा चालू होती, त्यावर माझा फोटो होता, अभ्यासक्रमाची पीडीएफ होती, पण त्या तीन आठवड्यांत वर्गात नेमकं काय झालं हे एका ओळीत सुद्धा नव्हतं. मला खरंच वाईट वाटलं. त्या दिवसापासून मी साइट फक्त एकाच मुलासाठी लिहायला लागले, जो काल वर्गात नव्हता त्याच्यासाठी.

आणि गंमत म्हणजे गैरहजर मुलासाठी लिहिलेलं पान हजर मुलं सुद्धा उघडतात. कारण वर्गात बसूनही लक्ष दुसरीकडे असतं, फळ्यावरचं उतरवायचं राहतं, गृहपाठ डायरीत लिहायचा राहतो, म्हणजे थोडं थोडं गैरहजर प्रत्येकच मूल असतं. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या एका शाळेत जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ मध्ये आपले तास रेकॉर्ड करून ऑनलाइन टाकायला सुरुवात केली, ती पण तास बुडणाऱ्या मुलांसाठीच, आणि मग वर्गात असलेली मुलं पण ते व्हिडिओ बघायला लागली. पुढे त्यातूनच धडा घरी ऐकायचा आणि वर्गात सराव करायचा ही त्यांची पद्धत निघाली, फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात ती. तुम्ही लगेच व्हिडिओ करा असं अजिबात म्हणत नाहीये, अर्ध्या तासात ते होणार नाही. पण सुरुवात कोणाला डोळ्यासमोर ठेवून झाली ते बघा.

आता ग्रुप आणि वेबसाइट यातला फरक. ग्रुपवर मेसेज वाहून जातो. सकाळी टाकलेली सूचना संध्याकाळपर्यंत चाळीस मेसेजच्या खाली गेलेली असते, म्हणून मूल परत विचारतं, आणि तुम्ही परत सांगता, आणि त्या उत्तरावर पुन्हा चाळीस मेसेज येतात. वेबसाइट एका जागी थांबते. हे काही मी नवीन सांगत नाहीये, मुळात वेब जन्माला आलं तेच या अडचणीतून. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत जो प्रस्ताव लिहिला त्यात तक्रार हीच होती की इथे लोक साधारण दोन वर्षांसाठी येतात आणि जातात, त्यामुळे माहिती सतत हरवत राहते, नवीन आलेल्याला कळायला आणि बाकीच्यांना सांगायला वेळ जातो. तुमच्या वर्गाचं पण तेच आहे ना. माहिती तयार झालेली असते, कोणीतरी एकदा सांगितलेली असते, फक्त हवी तेव्हा सापडत नाही. म्हणून वेबसाइट घोषणा करायला वापरू नका, शोधायला वापरू द्या. घोषणा वर्गात करा, ग्रुपवर करा, पण मजकूर एकाच ठिकाणी ठेवा आणि ग्रुपवर फक्त त्याची लिंक टाका.

तर पहिलं पान, म्हणजे साइट उघडल्या उघडल्या दिसतं ते, "या आठवड्यात" हे पान करा. स्वागत नाही, मोठं चित्र नाही. तुमची मुलं हे बहुतेक फोनवर उघडणार, फोनच्या पडद्यावर वरचं मोठं चित्र अर्धी जागा खातं आणि मग खाली सरकवत बसावं लागतं. सगळ्यात वर येणारी तारीख आणि काम, त्याखाली रोज वर्गात काय झालं. उदाहरण देते:

"शुक्रवार १८ : प्रकरण ६ ची चाचणी, २० गुण. एक आकृती नक्की येणार, पेन्सिल आणि पट्टी आणा.
बुधवार १६ : प्रयोगवही तपासायला द्यायची. प्रयोग ४ पर्यंत पूर्ण हवी.
सोमवारी वर्गात काय झालं : बर्फ वितळत असताना दर मिनिटाला तापमान मोजलं. तक्ता आणि आलेख खाली आहे. जे नव्हते त्यांनी तक्ता उतरवून आलेख स्वतः काढायचा, मग माझ्या आलेखाशी ताडून बघायचा."

बस, एवढंच. बघा, दिवस आणि तारीख आधी आलीये, काम नंतर. आपल्याला सवय असते "सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की" असं सुरू करायची, आणि तारीख येते चौथ्या ओळीच्या शेवटी. लोक स्क्रीनवर वाचताना नजर कशी फिरते याचा अभ्यास जेकब नील्सन या वेबसाइटच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडला होता, की वरच्या एकदोन ओळी आडव्या वाचल्या जातात आणि मग नजर डाव्या कडेने खाली घसरत जाते. म्हणजे ओळीच्या सुरुवातीला जे आहे ते दिसतं, शेवटाला जे आहे ते बऱ्याचदा वाचलंच जात नाही. म्हणून ओळ तारखेने सुरू करा. आणि "उद्या", "येत्या शुक्रवारी" असं लिहू नका, कारण जो तीन दिवसांनी उघडतो त्याचा उद्या वेगळा असतो.

"जे नव्हते त्यांनी" ही ओळ प्रत्येक दिवसाला असू द्या, कितीही छोटी असली तरी. नुसतं "प्रकरण ६ शिकवलं" असं लिहिलं तर गैरहजर मुलाला फक्त एवढंच कळतं की आपलं काहीतरी बुडालं. काय करून ते भरून निघेल हे लिहिलं तर तो वही उघडतो.

एक चूक माझ्या हातून झालीये, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगते. मी चाचणीची तारीख गृहपाठाच्या पानावर पण लिहिली होती, वेळापत्रकाच्या पानावर पण आणि कॅलेंडरमध्ये पण. मग चाचणी दोन दिवस पुढे गेली, मी दोन ठिकाणी बदललं आणि तिसरं राहिलं. अर्ध्या वर्गाने चुकीच्या दिवसाचा अभ्यास केला आणि त्यानंतर कित्येक दिवस मुलं साइट बघूनही मला येऊन विचारायची, "बाई, नक्की ना?" भरवसा गेला की साइट संपली. तेव्हापासून एक गोष्ट एकाच जागी. वेळापत्रकाचं पान हवंच असेल तर गूगल कॅलेंडर त्या पानावर जोडून द्या, तारीख कॅलेंडरमध्ये बदलली की पानावर आपोआप बदलते.

अजून एक अडचण, तुमची मुलं साइट का उघडत नाहीत याचं हे पण कारण असू शकतं. नोट्स गूगल ड्राइव्हवर ठेवून साइटवर लावल्यात का? तसं असेल तर तुम्हाला त्या दिसतात, कारण तुम्ही तुमच्या अकाउंटने लॉगिन आहात, आणि मुलाला "परवानगी मागा" असा बोर्ड दिसतो. एकदा दिसला, दोनदा दिसला, मग ते मूल परत येत नाही आणि तुम्हाला सांगत पण नाही. यावर उपाय सोपा, ब्राउझरची इनकॉग्निटो विंडो उघडा, त्यात लॉगिन न करता आपली साइट उघडा आणि प्रत्येक लिंक दाबून बघा. दर वेळी काही नवीन टाकलं की हे करा, दोन मिनिटं लागतात. शक्य असेल तर साध्या स्वस्तातल्या फोनवर पण एकदा उघडून बघा, आपल्या लॅपटॉपवर सगळंच छान दिसतं.

फळ्याच्या फोटोबद्दल. फळ्याचा फोटो काढून टाकणं हे सगळ्यात कमी वेळात होणारं काम आहे, खुशाल करा, पण तीन गोष्टी सांभाळा. फोनचा फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो, दहा फोटो टाकले तर पान उघडता उघडता मुलाचा डेटा आणि धीर दोन्ही संपतात, म्हणून फोटो लहान करून टाका, रुंदी हजार-बाराशे पिक्सेल पुष्कळ झाली. दुसरं, फोटोवर काय आहे ते खाली दोन ओळी टाइप करा, कारण चाचणीच्या आदल्या रात्री मूल साइटवर "अप्रकट उष्मा" असं शोधतं तेव्हा फोटोतले शब्द त्याला सापडतीलच असं नाही, टाइप केलेले सापडतात. ज्या मुलाला कमी दिसतं आणि जे फोनकडून मजकूर वाचून घेतं त्याला तर नुसता फोटो म्हणजे कोरं पान. तिसरं, टाइप करताना युनिकोड मराठीतच करा, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसते ती. जुन्या फॉन्टमधल्या वर्ड फाइल अजून कित्येकांकडे आहेत, त्या दुसऱ्याच्या फोनवर उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात. आणि रंग, पांढऱ्यावर पिवळं किंवा फिकट राखाडी लिहू नका. वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात म्हणून जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यांत साध्या अक्षरांसाठी मजकूर आणि मागचा रंग यांतला फरक किमान ४.५ ला १ हवा असं सांगितलंय, पण ते मोजत बसायची गरज नाही, पांढऱ्यावर काळं लिहिलं की झालं.

आता नोट्स. यावर जरा जास्त बोलते कारण मला वाटतं आपण शिक्षक इथेच सगळ्यात जास्त मेहनत घेतो आणि मुलांना त्यातलं सगळ्यात कमी पोचतं. पानंच्या पानं नोट्स टाकल्या की मूल त्या वाचतं, परत वाचतं, आणि त्याला वाटतं आपल्याला आलं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. आणि आपली परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते. म्हणून नोट्सच्या पानावर आधी प्रश्न ठेवा. तीनच, पण नेमके. "बर्फ वितळत असताना आपण उष्णता देतोय, तरी थर्मामीटर ० अंशावरच का थांबतो?" आणि उत्तर लपवून ठेवा, गूगल साइट्समध्ये क्लिक केल्यावर उघडणारा भाग करता येतो, शीर्षकात प्रश्न आणि आत उत्तर. मूल आधी स्वतः आठवतं, मग उघडून बघतं. तुमच्या नोट्स काढून टाकू नका, त्या खाली राहू देत, पण वर प्रश्न हवेत. आणि महिन्याभरापूर्वीच्या प्रकरणातला एक प्रश्न दर आठवड्याला मध्येच घाला, म्हणजे जुनं पूर्ण विसरत नाही.

वेळेचं म्हणाल तर हे सगळं तुम्ही एकटीने लिहायचंच नाही. मी वर्गात पाळी लावली होती, रोज एक मूल त्या दिवसाच्या तासाची नोंद लिहायचं, पाच ते आठ ओळी, आज काय झालं आणि काय कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वाचायची, चूक असेल तर त्या मुलाला बोलावून दुरुस्त करायला लावायची आणि मग साइटवर टाकायची, खाली फक्त "आजची नोंद : नववी" एवढंच, नाव नाही. सुरुवातीला नोंदी फारच त्रोटक यायच्या, "आज बाईंनी छान शिकवलं" अशा. मग मी त्यांना एकच सांगितलं, काल जो आला नव्हता त्याला पत्र लिहितोय असं समजून लिहा, आणि नोंदी बदलल्या. मला त्याचा जो फायदा झाला तो मी धरलाच नव्हता. त्या बर्फाच्या प्रयोगानंतर एका मुलाने लिहिलं, "बर्फ वितळताना तापमान हळूहळू वाढत गेलं." तापमान वाढलंच नव्हतं, तक्त्यात ० समोर दिसत होता, तरी त्याने तसं लिहिलं, कारण उष्णता दिली की तापमान वाढणारच हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. मी बाकीच्या चार जणांना विचारलं तर तिघांनी तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं फक्त त्यावर घालवली. ती नोंद आली नसती तर मला चाचणीचे पेपर तपासताना कळलं असतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

मार्कांची यादी. नाही टाकायची. यावर मी ठाम आहे आणि पालक कितीही म्हणाले तरी तुम्ही पण ठाम राहा. काही जण म्हणतात नावं नको, हजेरी क्रमांक टाका, पण वर्गातल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा क्रमांक पाठ असतो, हजेरी रोज होते. सगळ्यात कमी मार्क ज्याला पडले त्याचा स्क्रीनशॉट काही मिनिटांत फिरतो आणि तो परत मागे घेता येत नाही. ज्याचे मार्क त्याला आणि त्याच्या घरच्यांना. गूगल क्लासरूम २०१४ पासून आहे, त्यात प्रत्येक मुलाला फक्त स्वतःचंच दिसतं, काम जमा करणं आणि मार्क देणं यासाठी ते वापरा, किंवा वहीवर लिहून द्या. वेबसाइट ही सगळ्यांना सारखीच दिसणारी जागा आहे, म्हणून तिथे सगळ्यांचं असेल तेवढंच ठेवा. हवं तर मार्कांऐवजी "या चाचणीत सगळ्यात जास्त चुका कुठे झाल्या" असं लिहा, ते पालकांना पण उपयोगी पडेल.

फोटोंचं जरा वेगळं आहे. मुख्याध्यापकांना नाही म्हणणं तुम्हाला जमणार नाही आणि कार्यक्रमाचे फोटो बघायला मुलांना आवडतात पण. फक्त ते पहिल्या पानावर नकोत, वेगळ्या पानावर ठेवा, आणि वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून लेखी परवानगी घ्या, ज्यांनी नाही म्हटलं त्यांची मुलं फोटोत येणार नाहीत हे बघा. जवळून चेहरा आणि खाली पूर्ण नाव असं कधीच नको. हाताने काय करतायत ते दाखवा, प्रयोग, मॉडेल, चित्र, तेच छान दिसतं. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला ते पण नोंदलं जातं, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. आणि साइट पब्लिश करताना सर्च इंजिनला साइट दाखवू नका असं सांगायचा पर्याय गूगल साइट्समध्ये असतो, तो निवडा, बाहेरच्या माणसाने शोधून यायचं काही कारणच नाही. पण त्याने साइट गुप्त होते असं समजू नका, लिंक ज्याच्याकडे गेली त्याला ती दिसते, म्हणून जे अनोळखी माणसाने बघितलेलं चालणार नाही ते टाकायचंच नाही.

दुसऱ्यांची चित्रं आणि वर्कशीट उचलताना पण बघा. नेटवर आहे म्हणजे फुकट आहे असं नसतं. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असलेली, म्हणजे मालकाने स्वतःच काही अटींवर वापरायला दिलेली चित्रं शोधा, हे परवाने २००२ पासून आहेत, खाली कोणाचं आहे ते लिहायचं आणि त्या परवान्यात जी अट असेल ती पाळायची. मुलं तुमचं बघून तेच शिकतात.

ज्यांच्या घरी फोन नाही किंवा एकच फोन आहे आणि तो बाहेर कामाला जातो, ती मुलं तुमच्या वर्गात नक्की असतील. त्यांना साइट बघून या असं सांगून चालत नाही, आणि ती मुलं हे हात वर करून सांगणार पण नाहीत. म्हणून "या आठवड्यात" हे पान दर आठवड्याला प्रिंट काढून वर्गाच्या दाराजवळ लावा. प्रिंट होत नसेल तर मुलांकडून मोठ्या कागदावर लिहून घ्या. त्याच कागदावर साइटचा क्यूआर कोड छापा, ज्याच्याकडे फोन आहे तो स्कॅन करेल. साइटवर आहे आणि भिंतीवर नाही असं काहीही महत्त्वाचं ठेवू नका.

सवय लावायची कशी? पहिले तीन-चार आठवडे सोमवारचा तास सुरू करताना पान वर्गात प्रोजेक्टरवर उघडा, प्रोजेक्टर नसेल तर भिंतीवरचा कागद एका मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. रात्री दहाचा मेसेज आला तर चिडू नका, उत्तर पण लिहू नका, फक्त लिंक पाठवा, आणि ते सकाळी पाठवलं तरी चालतं. दहा-बारा वेळा लिंक मिळाली की मुलं आधी तिथे बघायला लागतात. पण याची एक अट आहे, लिंक उघडल्यावर उत्तर तिथे असलंच पाहिजे. म्हणून वार ठरवा, शुक्रवार म्हणजे शुक्रवार, शाळा सुटल्यावर वीस मिनिटं. मागच्या आठवड्याचा मजकूर कॉपी करायचा, वर नवीन तारखा घालायच्या, जुना आठवडा खाली सरकवायचा. सगळ्यात नवीन सगळ्यात वर. जुने आठवडे पुसू नका, वर्षाच्या शेवटी तीच सगळ्यात मोठी पुंजी असते, आणि पुढच्या वर्षी तुमचं निम्मं काम झालेलं असतं. मधले दिवस मुलांच्या नोंदींनी भरतात, त्या टाकायला रोज पाच मिनिटं.

महिन्यातून एकदा सगळ्याची कॉपी स्वतःकडे काढून ठेवा. मी जिच्यावर साइट केली होती ती फुकटातली सेवा एक दिवस बंद झाली आणि दोन वर्षांच्या नोंदी गेल्या, आधी सूचना आली होती पण ती मी उघडत नसलेल्या ईमेलवर. जिओसिटीज सारखी एके काळी प्रचंड चालणारी सेवा सुद्धा २००९ मध्ये बंद झाली आणि लाखो लोकांची पानं एकदम गेली. मूळ मजकूर एका डॉक्युमेंटमध्ये लिहायचा आणि तिथून साइटवर चिकटवायचा ही सवय लावून घेतली तर कॉपी आपोआपच राहते.

आता ती अकरा पानं. डिलीट न करता मेनूमधून लपवता येतात, तसं करा. मेनूत चारच दिसू देत, या आठवड्यात, जुने आठवडे, प्रश्न आणि नोट्स, फोटो. अभ्यासक्रमाची लिंक नोट्सच्या पानावर वर द्या, वेळापत्रक आणि संपर्क पहिल्या पानाच्या तळाशी एकेका ओळीत, संपर्कात शाळेचा ईमेल, स्वतःचा फोन नंबर नको. गृहपाठाचं वेगळं पान नको, तो आठवड्यातच आला. व्हिडिओ ज्या प्रकरणाचे आहेत त्या प्रकरणात गेले. परिचय आणि स्वागत राहू देत लपलेले, पालकसभेच्या आधी उघडा. सुविचारांचं पान तुम्हाला आवडत असेल तर रोजच्या नोंदीखाली एखादा टाका, पान वेगळं नको.

या शुक्रवारीच करून टाका, नवीन सत्राची वाट बघू नका. पहिलं पान झालं की मला लिंक पाठवा, मी लॉगिन न करता माझ्या फोनवर उघडून बघते आणि कुठे अडलं ते लिहून कळवते.

– तुमची ताई